गुरुजी स्वतः आडवे होत न्हाईत

मी गफूर. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या बोळीत माझं गादीचं दुकान हाय. बाप पिंजारी, आजा पिंजारी, त्याचा बापबी पिंजारी. चार पिढ्या आमी लोकांच्या झोपेची सोय केली अन् स्वतः खोकत बसलो. कापसाचं बारीक तूस छातीत जाऊन बसतंय. माझी बायको बानो म्हणायची, "तुमच्या छातीत मांजर ब्यालंय. पिल्लं मोजून घेऊ का?"

डॉक्टरनं सांगितलं, श्वासाचा व्यायाम करा. मी म्हणलं, श्वास तर मी रोजच घेतोय, अजून काय त्याचा व्यायाम करायचा?

ही दोन हजार सातची गोष्ट. तवा लातुरात दर तिसऱ्या गल्लीत एक क्लास निघून राहिला होता. ज्याच्या घराला वरचा मजला त्याचा क्लास, ज्याच्या घराला न्हाई त्याची मेस. बिलोली, उमरी, देगलूर, कुठून कुठून लेकरं यायची, समदी डॉक्टर व्हायला. पेशंट कोण होणार, ह्याचा इचार कोणी केला न्हवता. लेकरं पहाटे उठून फिजिक्स घोकायची, बायोलॉजी घोकत जेवायची. शिवशंकर सरांच्या क्लासात तर एका पोरानं उत्तरपत्रिकेवर स्वतःच्या नावाच्या जागी आईचं नाव लिहून ठिवलं. अन् ती पहिली आली, म्हणजे आई.

सर घाबरले. लेकरांच्या डोक्याला थंडावा पायजे म्हणून त्यांनी रोज सकाळी योग ठिवला. बाहेर मोठा फलक लागला: 'बुद्धी, आरोग्य अन् मनःशांती, एकाच छताखाली.' पातळ गाद्या शिवायचं काम माझ्याकडं आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलात गाद्या चढवताना माझा दम असा लागला की योगाचे मास्तर धावत आले अन् मला खाली बसवलं.

ते ज्ञानोबा गुरुजी. पन्नाशीचे, सुपारीसारखे वाळलेले, आवाज एकदम मऊ. औशाच्या पलीकडं किल्लारीच्या अंगाला त्यांचं गाव. पाठीवर हात ठिवून म्हणले, "उद्यापासून सहाला या. मागं बसा."

शिवशंकर सर म्हणले, "गुरुजी, हा गादीवाला कशाला इथं?"

"श्वास सगळ्यालाच लागतो, सर."

सर बोटांवर काहीतरी मोजत खाली गेले. गणिताचा माणूस.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी वज्रासन घ्यायला लावलं. गुडघे दुमडून टाचांवर बसायचं. ऐंशी लेकरं 'आई गं' करायली अन् मी आपला निवांत. गुरुजींनी मला समोर बोलावलं. "बगा रे, गफूरभाईचं बगा. पाठ कशी सरळ हाय. किती वर्षं करायलाव हे?"

म्हणलं, "समज आल्यापासून. रोज पाच टाइम. फक्त आमच्याकडं त्याला नाव येगळं हाय."

लेकरं खदखदा हसली. गुरुजी बी हसले. मला तिथंच कळलं की हे माणूस खोडी काढायच्या लायकीचं हाय. काय हाय की, मी रागीट माणसाची खोडी काढत न्हाई. ज्याला हसता येतं त्याचीच काढतो. बानो म्हणती की हा नियम फक्त माझ्या डोक्यात हाय, लोकांना म्हाईत न्हाई.

तर खोड्या सुरू झाल्या. भ्रामरी म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं. समदे गुणगुणले की मी मधूनच ऑटोचा हॉर्न काढायचो. अन् सिंहासन तर माझं लाडकं. गुडघ्यावर बसायचं, डोळे वटारायचे, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढायची अन् 'हाऽऽऽ' करायचं. घसा मोकळा होतो, खरंच होतो. एका सकाळी मी हळूच खाली जाऊन सरांना म्हणलं, "सर, लेकरांना तुमाला काहीतरी दाखवायचं हाय." सर केस सारखे करत वर आले, दार उघडलं, अन् ऐंशी लेकरं अन् एक गुरुजी, समद्यांच्या जिभा बाहेर, डोळे त्यांच्याकडं. "हाऽऽऽ!"

सर दोन पायऱ्या मागं गेले. आठवडाभर मला बोलले न्हाईत.

पण खोड्या काढता काढता मी शिकत बी होतो, हे खोटं कशाला बोलू? दोन महिन्यांत मांजर गेलं, एखादं पिल्लू तेवढं उरलं. गुरुजी आसनं शिकवायचे कमी अन् बोलायचे जास्त. बोलायचेबी कसं, शेजारी बसून शेंगा सोलल्यासारखं. "श्वास म्हणजे बैल न्हाई, त्याला ओढू नका. त्याच्यामागं चाला." एकदा म्हणले, "योगाला आठ पायऱ्या हाईत. आसन तिसऱ्या पायरीवर हाय. पहिल्या पायरीवर काय हाय? कोणाला दुखवायचं न्हाई, खोटं बोलायचं न्हाई, चोरायचं न्हाई, असलं. पण लोक खालच्या दोन पायऱ्या सोडून डायरेक्ट तिसरीवर उडी मारायलेत. मंग पाठ धरती."

बिलोलीची सुकन्या म्हणून एक पोरगी होती, एकदम तिखट. ती म्हणली, "गुरुजी, पहिल्या पायरीवर गफूरकाका नापास हाईत."

"काका पहिल्या पायरीवर बसून बिडी ओढायलेत," गुरुजी म्हणले. "बसू द्या. पायरीवरच हाईत ना."

शेवटी शवासन असायचं. मढ्यासारखं उताणं पडायचं, अंग सैल सोडायचं, डोळे मिटायचे. गुरुजी मऊ आवाजात सांगायचे, "धरून ठिवलंय ते सोडा. पायाचा आंगठा सोडा. गुडघा सोडा. पेपर सोडा. सोडलं की काही पडत न्हाई, जमीन हाय खाली." दोन मिनिटांत निम्मी लेकरं घोरायची. मी अर्धा डोळा उघडा ठिवून पडायचो. माझी सवयच हाय, समदे डोळे मिटलेले असले की मी बगून घेतो.

तवा मला दिसलं की गुरुजी स्वतः कधीच आडवे होत न्हाईत.

ते दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. दाराला इटकर लावून ते उघडं ठिवलेलं. शेजारच्या टेबलावर तीन स्टीलचे पेले, एकावर एक, उपडे. पेल्यांतून कोणी पाणी पीत न्हवतं. मला वाटलं, टापटीप माणूस हाय, मांडून ठिवले असतील. मी एकदा इचारलं, "गुरुजी, तुमी कामून पडत न्हाईत?" ते म्हणले, "कोणीतरी जागं पायजे ना." मला वाटलं मास्तरकी करायलेत.

आता तुमीच सांगा. रोज सकाळी समोर तीन पेल्यांचा मनोरा, अन् जगाला 'सोडा सोडा' म्हणणारा, स्वतः ताठ बसलेला माणूस. माझ्यासारख्यानं किती दिवस दम धरायचा? दोन महिने धरला. तेबी प्राणायामामुळं.

एका शुक्रवारी मी माझी गादी टेबलाजवळ टाकली. शवासन लागलं. हॉल गार पडला. गुरुजी म्हणायले, "खांदे सोडा... जबडा सोडा..." मी पाय लांब केला अन् आंगठ्यानं टेबलाला एक धक्का दिला. लई न्हाई, एवढासाच.

खण्ण. खण खण खण्ण.

गुरुजी गेले. गेले म्हणजे, खुर्ची होती अन् गुरुजी न्हवते. जिन्यावर नुस्ता धबधब आवाज. मी हसायला तोंड उघडलं, अन् बगतो तर काय, मीबी जिन्यावर होतो! आईशप्पथ. पायांनी मला इचारलंच न्हाई. दोन मजले उतरल्यावर मला आठवलं की अरे, पेले मीच पाडलेत. तरीबी पाय थांबेनात. मागून आणखी कोणीतरी धबधब येऊन राहिलं होतं. वळून बगायची हिंमत कोणाला?

रस्त्यावर आलो. गुरुजी इजेच्या खांबाला धरून उभे. मी त्यांच्या बाजूला, अनवाणी. अन् आमच्या मागून शिवशंकर सर आले. त्यांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, दार उघडं. त्यांनी दोघांना पळताना बगितलं अन् सुटले. एका पायात चप्पल, हातात स्टेपलर.

तिघं पन्नाशीचे बाप्ये, तोंडं पांढरी, डोळे वर इमारतीकडं.

समोर चहाच्या गाड्यावर संगप्पा गाळणं धरून थांबला. "काय झालं हो, सर?"

सर म्हणले, "पार्सल. पार्सल यायचं होतं."

तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सुकन्याचं डोकं बाहेर आलं. "गुरुजी! उठायचं का? बाकीचे अजून मेलेलेच हाईत!"

आता ज्याला कळलं न्हाई त्याच्यासाठी सांगतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लातुरात, औशात, समदीकडं, घराघरात असे पेले मांडलेले असायचे. पेल्यावर पेला, न्हाईतर तांब्यावर वाटी. जमीन जराशी हालली की भांडं पडायचं, अन् भांडं पडलं की माणूस बाहेर. इचार करायचा न्हाई, पळायचं. बानोनं तर पाच भांडी मांडली होती, एकदा मांजरानं पाडली अन् आमची सगळी बोळ मैदानात. महिना-दोन महिने चाललं, मंग लोकांनी पेले उचलून पाणी प्यायला घेतले. माझं डोकं इसरलं. पाय इसरले न्हवते. अन् वर पडलेली लेकरं त्या साली दोन-तीन वर्षांची. त्यांना पेला पडला म्हणजे पेलाच पडला.

सरांनी आमाला वर ऑफिसात नेलं. दार लावलं, अन् ज्या भीतीनं ते स्वतः पळाले होते ती समदी रागात काढली. गुरुजींवर.

"योगाचा मास्तर पळतो? लेकरं सोडून? रविवारी पालक यायलेत, त्यांच्यापुढं असं झालं तर? क्लासचं नाव मातीत!"

गुरुजी खाली बगत म्हणले, "बरोबर हाय, सर."

"उद्यापासून येऊ नका."

"बरोबर हाय."

मी तिथंच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. 'पेले मी पाडले.' तोंड उघडलं, खोकलो, अन् खाली आलो. म्हणलं ना, पहिली पायरी.

दुकानात आलो तवा बानो दाभणानं गादीला टाके घालायली होती. मी तिला समदं रंगवून सांगितलं. सरांची एक चप्पल, स्टेपलर, पार्सल. मी इतका हसलो की डोळ्यातून पाणी.

बानोनं दाभण गादीत खुपसलं अन् माझ्याकडं बगितलं. "मलाबी सांगा ना, कुठं हसायचं ते. तो माणूस गेला ना कामावरून?"

"हाव."

"पेले तुमी पाडले, हे सांगितलं का?"

"न्हाई सुचलं गं."

"ज्यानं तुमच्या छातीतलं मांजर काढलं, त्याचं तुमी हे केलं." तिनं परत टाका घातला. "आज घरी जेवायला येऊ नका. त्यांच्याकडंच जावा, ते जेवू घालतील."

आता बानो जेवणाबद्दल मस्करी करत न्हाई. मी गेलो.

औसा रोडला गुरुजींची भाड्याची खोली. वर पत्रा. भर दुपारी आत असं तापलेलं की भाकर नुस्ती ठिवली तरी भाजावी. बाजूला चांगल्या स्लॅबच्या खोल्या रिकाम्या होत्या. गुरुजी स्टोव्हवर खिचडी टाकून बसले होते.

"या गफूरभाई. ताट घ्या."

"गुरुजी, आधी ऐका. पेले पडले न्हाईत. मी पाडले. पायानं."

खिचडी हलवायचं थांबलं. मला वाटलं, आता पळी बसती डोक्यात. बसली असती तर बरं झालं असतं, हिशेब मिटला असता.

मंग त्यांनी इचारलं, "तुमी पाडले?"

"हाव."

"मंग तुमी कामून पळालाव?"

मी म्हणलं, "तेच कळंना गुरुजी. मीबी तुमाला तेच इचारायला आलोय."

त्यांचा आधी खांदा हालला, मंग पोट. मंग असे हसले, असे हसले की पळी खाली पडली. खण्ण झालं, अन् दोघंबी दचकलो, अन् परत हसलो. खिचडी बुडाला लागली.

जेवता जेवता हसणं ओसरलं. गुरुजी म्हणले, "त्या साली मी गावात होतो. माळवदाचं घर, डोक्यावर हातभर माती. पहिला हिसका बसला अन् मी अंगणात. आई आत होती. मी तिला उठवलं न्हाई. वरडलो बी न्हाई. नुस्ता पळालो." घोटभर पाणी प्याले. "निघाली ती ढिगाऱ्यातून, सांजच्याला. जित्ती निघाली. पुढं सहा वर्षं जगली अन् त्याबद्दल एक शब्द बोलली न्हाई. भाकरी वाढायची, बस. एकदा शिव्या दिल्या असत्या तर मी योगाकडं गेलोच नसतो."

मी बुडाची खरवड काढून त्यांच्या ताटात वाढली.

"इतकी वर्षं झाली, मी छताखाली डोळे मिटून पडलो न्हाई. दिवसाबी न्हाई. लोकांना म्हणतो, सोडा. अन् आज परत तेच केलं. ऐंशी लेकरं आत, अन् मी खांबापाशी."

"गुरुजी, लेकरं पडून राहिली म्हणून तर बरं झालं. ती उठली असती तर आपण तिघं जिन्यात चेंगरलो असतो."

ते जरासं हसले, पण डोळे हसले न्हाईत. "नोकरी जाऊ द्या. मला फक्त एकदा त्या हॉलात, त्या लेकरांसोबत, आडवं व्हायचं हाय. पाच मिनिटं. डोळे मिटून. ते झालं की सरांनी खुशाल काढावं. ते न्हाई झालं, तर मी कोणालाच 'सोडा' म्हणणार न्हाई. कुठंच न्हाई. दुसरं काहीतरी करीन."

मी म्हणलं, "रविवारी या. सरांचं मी बगतो."

दुसऱ्या दिवशी सरांच्या ऑफिसात गेलो. "सर, पेले मी पाडले. खोडी होती."

सर उभेच राहिले. "तुला मी... गाद्या उचल तुझ्या! पोलिसात देऊ का?"

"द्या की. पण सर, ते पार्सल आलं का?"

"कुठलं पार्सल?"

"तेच, जे घ्यायला तुमी एका चपलेवर आला होताव."

सर खुर्चीत बसले. टेबलावरचा पेपरवेट गरागरा फिरवला. त्यांचं गावबी औसा तालुक्यातलंच, मला म्हाईत होतं. मंग म्हणले, "दार लाव."

लावलं.

आवाज एकदम खाली आला. "मी घरी सोफ्यावर झोपतो. दारापाशी. बायकोला सांगितलंय की पाठ दुखती म्हणून."

"मंग गादी शिवून देऊ का, सर? सोफ्याच्या मापाची?"

"गप बस, गफूर."

"बसलो. पण मंग गुरुजीच कामून एकटे गेले? पळाले तर तिघं. गणितानं तिघं घरी पायजेत."

गणिताचा माणूस तिथं सापडला. पण सर ते सरच, अट घातलीच. "रविवारी पालकांच्या पुढं शवासन. गुरुजी स्वतः आडवे. पाच मिनिटं. जमलं तर राहतील. पळाले, तर दुसरा मास्तर आणतो. अन् मंग तूबी परत वर यायचं न्हाई."

रविवारी हॉल भरला. लेकरं भिंतीकडंला, अन् गाद्यांवर त्यांचे आईबाप. धोतरं, नऊवाऱ्या, एक-दोन सफारी, उमरीहून आलेले एक मौलानासाब. समदे माझ्याच वयाचे. श्वासाचा व्यायाम झाला, सिंहासन झालं. आईबापांनी लेकरांकडं तोंड करून जीभ काढली अन् लेकरांची हसून मुरकुंडी वळली. सगळं बेस्ट चाललं होतं.

मंग गुरुजी म्हणले, "आता उताणे पडा. डोळे मिटा."

लोक पडले. अन् मी दारातून बगतो तर एकाचाबी डोळा मिटलेला न्हाई. दोनशे डोळे वर स्लॅबला चिकटलेले. कोणी पंख्याकडं बगायलंय, हालतो का म्हणून. कोणाचा एक पाय दाराकडं वळलेला.

औशाच्या केवळाबाई म्हणून एक माय होती, ती उठूनच बसली. "मी न्हाई बाबा मिटत. ह्या एवढ्या स्लॅबखाली? का, मला येड लागलंय?"

"माय, गप पड ना," तिचा पोरगा दबक्या आवाजात म्हणला.

"तू पड. तुला काय म्हाईत? तू तवा कडेवर होतास."

आणखी दोघं उठून बसले. शिवशंकर सरांनी माझ्याकडं असं बगितलं की मी दाराची कडी चाचपून बगायलो. गुरुजी मधोमध उभे. नजर दाराकडं. मला वाटलं, झालं, आता जातील. वाट तर मीच अडवून उभा होतो.

पण गुरुजी खाली बसले. म्हणले, "माय, मीबी मिटत न्हाई. त्र्याण्णवपासून मिटले न्हाईत. परवा इथं नुस्ते तीन पेले पडले, अन् मी ही समदी लेकरं सोडून खाली पळालो. तुमच्या लेकरांना सोडून. हे तुमाला म्हाईत असायला पायजे."

एका सफारीवाल्यानं घसा साफ केला. सर मान खाली घालून उभे. मला वाटलं आता कोणीतरी वरडंल.

केवळाबाई म्हणली, "पेले व्हय? मी तर परवा कुकरच्या शिट्टीला पळाले."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मौलानासाब म्हणले, "आमच्या घरी अजून मांडतात. लोटे पे कटोरी. पोरं हसतात." मंग एकेक सुरू झालं. कोण उशाला बॅटरी घेऊन झोपतंय, कोणाच्या घरात आतून कडी लावत न्हाईत, कोणी नव्या बंगल्यात झोपायच्या खोलीला छतच टाकलं न्हाई. ज्यांची लेकरं वरच्या मजल्यावर डॉक्टर होऊन राहिली होती, त्यांची रात अजून अंगणातच होती. मी मनात म्हणलं, वा रे लातूर. सगळं शहर अर्धा डोळा उघडा ठिवून झोपायलंय, अन् मला वाटत होतं मी एकटाच हुशार.

मी दारातून वरडलो, "ओ, राखण मी करतो! तुमी मिटा डोळे. काही हाललं तर मी पयला बोंबलतो!"

"तुमी पयले पळताव, काका," सुकन्या म्हणली. हॉल हसला. मंग ती पुढं आली अन् बापाच्या उशाशी बसली. "अण्णा, मी बसते. मला भीती न्हाई वाटत, मला काही आठवतच न्हाई. तुमी झोपा, मी बगते."

तिचं बगून दुसरं लेकरू उठलं. मंग तिसरं. हळूहळू भिंत रिकामी झाली, अन् प्रत्येक आईबापाच्या उशाला एकेक लेकरू, मांडी घालून, डोळे उघडे. केवळाबाईचा पोरगा बी बसला. ती त्याला म्हणली, "इकडंतिकडं बगशील तर थोबाडीन," अन् पडली.

गुरुजींच्या उशाला कोणी न्हवतं. मी जाऊन बसलो.

"गफूरभाई, पाय लांब करू नका," ते म्हणले.

"गुरुजी, मी पायाची घडी घालून बसलोय. कुराणाची कसम."

ते पडले. हात बाजूला, तळवे वर. डोळे टक्क उघडे. म्हणायले, "पायाचा आंगठा सोडा... गुडघा सोडा..." मंग स्लॅबकडं बगत, "खांदे सोडा..." मला त्यांच्या गळ्याची शीर दिसायली, शिलाई मशीनच्या सुईसारखी उडणारी. शेजारी चमचा, घंटी, काही असतं तर, खरं सांगतो, माझ्या हाताला खाज सुटलीच असती. सुटलीबी. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठिवले. आयुष्यात एवढं अवघड आसन मी केलं न्हाई.

"जबडा सोडा," गुरुजी म्हणले. अन् पापण्या खाली आल्या. परत वर गेल्या. माझ्याकडं बगितलं. मी वर स्लॅबकडं बगत राहिलो, राखणदार बगतो तसं. खाली बगितलं तवा डोळे मिटलेले होते.

पाच मिनिटं झाली. कोणी उठलं न्हाई. शिवशंकर सर दारापाशी एका रिकाम्या गादीवर टेकले होते, ते कवा आडवे झाले कळलं न्हाई. दहा मिनिटं झाली. उठायला सांगायचं काम गुरुजींचं. गुरुजी सांगंनात. मी वाकून ऐकलं. छातीतून बारीक घर्र घर्र यायली, आमच्या पिंजायच्या मशीनला पहिला कापूस लावल्यावर येती तशी.

गुरुजी झोपले होते. शवासन न्हाई. झोप.

सुकन्यानं लांबून खूण केली, उठवू का? मी मान हालवली. लेकरं तशीच बसून. एवढ्या आईबापांचं घोरणं, अन् त्याच्यावर राखण करणारी डॉक्टर व्हायला निघालेली लेकरं. कोणाच्या बापाच्या तोंडावर माशी बसली की वहीनं हाकलायची.

तेवढ्यात शिपाई वर आला, हातात पितळी घंटी. साडेनऊची घंटा. केमिस्ट्रीचा पेपर. त्यानं हात उचलला, तर सर डोळे चोळत उठले, झटकन त्याचं मनगट धरलं. घड्याळाकडं बगितलं. गुरुजींकडं बगितलं. गालावर गादीच्या शिवणीचा वळ होता सरांच्या.

"पेपर खालच्या मजल्यावर घ्या," ते कुजबुजले. "हळू उतरा म्हणावं. ह्यांना उठवू नका. उद्याबी सहालाच हाय."

लेकरं पंजांवर उठली अन् एकेक करून खाली गेली. उशाची राखण गेली तरी आईबाप कूस बदलून परत झोपले. केमिस्ट्रीचा पेपर वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. लातुरात असं पहिल्यांदाच झालं असंल.

मी बसून राहिलो. गुरुजी पावणेअकराला उठले.